चटणीतलं दगडफूल आणि पॅरिसची बाटली: हिरवा ‘शीप्र’ समजून घेताना

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला, तोही तापलेला. “मावशी, मला फसवलंय बघ. परफ्यूमच्या पाच मिलीच्या कुपीला हजाराच्या वर मोजले, ‘व्हिंटेज ग्रीन शीप्र’ म्हणून, आणि ह्याला हिंगाचा वास मारतोय! त्यात आणखी काहीतरी कुबट. पावसाळ्यात बंद राहिलेलं कपाट उघडल्यावर येतो तसा.”

मी तिला एवढंच म्हटलं, की कुपी परत पाठवू नकोस. तुझ्या नाकानं दोन्ही गोष्टी बिनचूक ओळखल्यात. त्यात हिंगाची बहीण आहे आणि आपल्या चटणीतल्या दगडफुलाचा भाऊबंदही आहे.

हे कोडं तिच्या एकटीचं नाही. रील बघून कॉलेजातली पोरं वर्गणी काढून जुन्या परफ्यूमच्या कुप्या मागवतात, मनगटाला लावतात, दोन मिनिटांत तोंड वाकडं करतात आणि कुपी ड्रॉवरमध्ये टाकून देतात. व्हॅनिला, कॅरॅमल, पिकलेल्या फळांचे गोड वास यांची सवय लागलेल्या नाकाला हा कडवट, हिरवा, ओला वास पहिल्या भेटीत झेपत नाही. मला मात्र हा माणसानं घडवलेल्या सगळ्यात देखण्या वासांपैकी एक वाटतो, आणि कोल्हापूरच्या माणसाला तो कळायला मुळीच अवघड जाऊ नये असंही वाटतं. म्हणून जरा मुळापासून सांगते.

शीप्र म्हणजे काय?

शब्द फ्रेंच. सायप्रस बेटाचं ते फ्रेंच नाव. स्पेलिंग बघून कुणी ‘चिपर’ म्हणतं, कुणी ‘चायप्रे’, उच्चार ‘शीप्र’. या नावाच्या सुगंधी पावडरी युरोपात फार पूर्वीपासून होत्या, पण आजचा साचा पडला तो १९१७ साली. फ्रान्स्वा कोटी या फ्रेंच परफ्यूमवाल्यानं ‘शीप्र’ याच नावाचं परफ्यूम बाजारात आणलं, आणि ते इतकं गाजलं की पुढं ते एका अख्ख्या घराण्याचं नाव झालं.

घराणं म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते आणि जयपूर-अत्रौली गायकी या गावात रुजली. गवई बदलला तरी चार आवर्तनांत घराणं ओळखू येतं, तसंच इथं. बाटली कुठल्याही कंपनीची असो, सांगाडा एकच. वर आंबट-ताजं काहीतरी, मध्ये फुलं आणि तळाला कडवट, ओलं, मातकट असं रान.

वर असतो बर्गमॉट. इटलीच्या दक्षिण टोकाला कॅलाब्रियात पिकणारं हे लिंबाच्या जातीचं फळ. त्याच्या सालीचं तेल काढतात. अर्ल ग्रे चहा प्यायला असाल तर हा वास तुम्हाला ठाऊक आहे. मध्ये बहुतेक वेळा गुलाब आणि चमेली. तळाला तिघं. पहिला लॅब्डेनम, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाचा चिकट डिंक. पूर्वी तिकडचे मेंढपाळ रानातून चरून आलेल्या शेळ्यांच्या दाढीला चिकटलेला हा डिंक विंचरून काढत. दुसरी पाच, जिला जग पॅचुली म्हणतं. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा, ओकमॉस. त्याच्याकडे सावकाश येते.

परफ्यूममधले काही रेणू हलके असतात, ते आधी उडतात; काही जड असतात, ते तासन्‌तास कातडीला धरून बसतात. लिंबू, बर्गमॉट पंधरा-वीस मिनिटांत निघून जातात, फुलं दोन-तीन तास थांबतात, ओकमॉस आणि पाच रात्रीपर्यंत असतात. परफ्यूमवाले याला वरचा, मधला आणि तळाचा थर म्हणतात.

आपल्या वर्षाच्या चटणीसारखाच हा प्रकार. एप्रिल-मे महिन्यात मिरच्या वाळवायच्या, कांदा-खोबरं भाजायचं, धने, तीळ, जावित्री, मसाला वेलची, दगडफूल, हिंग सगळं तळून-भाजून डंकावर कुटून आणायचं. त्या दिवशी डबा उघडला तर लसूण वेगळा लागतो, हिंग वेगळा, मिरचीचा ठसका वेगळा. पंधरा दिवसांनी तोच डबा उघडा. आता त्यातला कुठलाही जिन्नस बोट दाखवून सांगता येत नाही. एकच एक वास येतो, त्याला आपण ‘मुरली’ म्हणतो. शीप्र हा मुरलेला वास आहे. लिंबाचा आंबटपणा आणि रानाचा कडवटपणा ही दोन टोकं त्यात लॅब्डेनमच्या उबेनं आणि ओकमॉसच्या ओलीनं एकमेकांत मुरवलेली असतात.

मग ‘हिरवा’ कशानं?

सगळे शीप्र हिरवे नसतात. गेर्लां या फ्रेंच कंपनीचं १९१९ मधलं ‘मित्सुको’ पीचसारख्या फळाच्या वासाचं आहे. १९४४ मधलं ‘बँडिट’ चामड्याच्या वासाचं. नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपलेचा जोड नाकाजवळ धरल्यावर येतो त्याच्या जवळपासचं. हिरवा शीप्र म्हणजे ज्यात वरच्या आणि मधल्या थरात देठ मोडल्याचा, पान चुरगळल्याचा, कच्च्या शेंगा सोलल्याचा वास ठळक असतो तो.

हा हिरवेपणा मुख्यतः येतो गॅल्बनममधून. इराणच्या डोंगराळ भागात वाढणाऱ्या एका झाडाच्या बुंध्यामुळाला चीर देऊन त्यातून पाझरणारा डिंक म्हणजे गॅल्बनम. वनस्पतीशास्त्रात या झाडाची प्रजाती फेरुला, आणि आपला हिंग ज्या झाडापासून येतो तेही फेरुलाच. दोन्ही असेच चीर देऊन काढलेले चीक, दोन्ही वाळवून खडे होणारे. भाचीला हिंग आठवला तो उगीच नाही.

पण गॅल्बनम हिंगाइतका गंधकी नाही. ढोबळी मिरची चिरली की पहिल्या क्षणाला जो तीक्ष्ण, पाणीदार, हिरवा वास उठतो तो पायराझीन जातीच्या रेणूंचा, आणि त्याच जातीचे रेणू गॅल्बनममध्ये आहेत. त्यांचा जोर असा की एका थेंबाच्या अगदी बारीक अंशानंही खोली हिरवी होते. याखेरीज गवत कापल्यावर येतो तो वास देणारे रेणू परफ्यूमवाले वेगळे घालतात. ऊसतोड सुरू असलेल्या फडात सकाळी सकाळी शिरलात की ताज्या वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, जो ओला, धारदार वास अंगावर येतो, तो मनात आणा. हिरव्या शीप्रची पहिली पाच मिनिटं बरीचशी तशीच असतात.

दुसरं महायुद्ध संपल्यावर हा हिरवेपणा फ्रान्समध्ये एकदम उफाळून आला. १९४६ मध्ये कार्व्हेनचं ‘मा ग्रीफ’. १९४७ मध्ये बालमँचं ‘व्हाँ व्हेर’, म्हणजे हिरवा वारा. ते घडवणारी जर्मेन सेलिए ही पुरुषांच्या त्या धंद्यात पाय रोवून उभी राहिलेली बाई, आणि ‘बँडिट’ही तिचंच. गॅल्बनम तिनं इतक्या सढळ हातानं वापरला की तोवर कुणी तेवढी छाती केली नव्हती. त्याच १९४७ मध्ये ‘मिस डिओर’ आलं, हिरव्या शीप्रचा वस्तुपाठ म्हणावं असं. पुढं १९६४ मध्ये सँ लॉराँचं ‘वाय’, १९७० मध्ये ‘जिव्हाँशी थ्री’, त्याच सुमारास शनेलचं ‘नंबर नाइन्टीन’, १९७३ मध्ये एस्टी लॉडरचं ‘प्रायव्हेट कलेक्शन’, १९७९ मध्ये ‘शेरेर’. ऐंशीनंतर बाजार गोड आणि दणकट वासांकडे वळला आणि ही हिरवळ मागे पडली.

माझी ओळख ‘मिस डिओर’पासून. आत्याचे यजमान बोटीवर नोकरीला होते, त्यांनी सत्तरच्या दशकात कधीतरी आणलेली बाटली. आत्या ती लग्नाला आणि नवरात्रात अंबाबाईला जाताना, एवढीच वापरायची. काचेचं बूच काढून कानामागं एक बोट. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की आधी कडू पाल्यासारखा वास यायचा आणि झोप लागता लागता मऊ, ओल्या झाडाच्या सालीसारखा. तो एकाच बाटलीतला वास आहे हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

ओकमॉस: झाडावरचं दगडफूल

आता मुख्य पात्राकडे. ओकमॉस या नावात मॉस, म्हणजे शेवाळ असलं तरी ते शेवाळ नाही. ते आहे लायकेन. बुरशी आणि शैवल या दोन जिवांनी एकमेकांच्या आधारानं थाटलेला संसार म्हणजे लायकेन. बुरशी घर देते, शैवल उन्हातून अन्न तयार करतं. आपलं दगडफूल हेही लायकेनच. जात वेगळी, पण रीत तीच. ओकमॉस युरोपातल्या ओक झाडांच्या फांद्यांवर वाढतं. बाल्कन देशांच्या जंगलांतून ते गोळा होतं, वाळतं आणि द्रावकात भिजवून त्याचा दाट, गडद हिरवट-तपकिरी अर्क काढला जातो.

हा अर्क तुम्हाला मिळणार नाही, पण दगडफूल घरात आहे. एवढं करून बघा. मसाल्याच्या डब्यातून दगडफुलाचा एक पापुद्रा घ्या. एका बाजूनं राखाडी, दुसऱ्या बाजूनं काळसर, कडा कुरतडलेल्या कागदासारख्या. कोरडा हुंगला तर जवळजवळ काहीच येत नाही. आता पळीत अर्धा चमचा तेल कोमट करा, धूर निघेपर्यंत नाही, त्यात तो पापुद्रा चुरून टाका आणि झाकण ठेवा. दहा मिनिटांनी झाकण काढून वास घ्या. ओली साल, जुना कागद, शाई, पावसात भिजलेला दगड. आणि या सगळ्याखाली खाण्याच्या पदार्थासारखी एक गोडसर खोली. हा ओकमॉस नव्हे, ओकमॉस याहून ओला, याहून दाट आणि थोडा समुद्राकडे झुकणारा. पण तुमच्या नाकाला दिशा मिळाली. ऑगस्टमध्ये पन्हाळ्याच्या तटबंदीला हात लावून तोच हात हुंगलात, तर उरलेली दिशाही मिळेल.

मटणाच्या रश्श्यात दगडफूल वेगळं कळत नाही, पण ते नसलं की रस्सा पोकळ लागतो. शीप्रमधलं ओकमॉसचं काम नेमकं तेच. ते वरच्या लिंबाला आणि फुलांना खाली ओढून धरतं, गोडाला कडवटपणाची किनार लावतं आणि वासाला सावली देतं. याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

नव्या बाटलीत तो वास का सापडत नाही?

कारण ओकमॉसवर बंधनं आली. त्यात ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल नावाचे दोन घटक निसर्गतःच असतात, आणि ते काही लोकांच्या कातडीला ॲलर्जी करतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. म्हणून परफ्यूम उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा हिनं ओकमॉसचं प्रमाण टप्प्याटप्प्यानं खाली आणलं. कातडीला लावायच्या परफ्यूममध्ये ते ०.१ टक्क्यापर्यंत आलं. पुढं युरोपीय संघानं २०१७ च्या नियमानं हे दोन घटकच बंद केले. नवा माल ऑगस्ट २०१९ पासून, आणि दुकानात पडून असलेला जुना मालही ऑगस्ट २०२१ पासून त्यांच्याविना असणं सक्तीचं झालं. हा कायदा युरोपचा असला तरी कंपन्या सहसा जगभर एकच माल विकतात, त्यामुळं आपल्याकडे येणारी बाटलीही तीच.

ओकमॉस पूर्ण बंद झालं, असा एक समज आहे. तो खरा नाही. ते दोन घटक गाळून काढलेला ओकमॉस आज वापरता येतो आणि चांगले कारागीर त्यातून सुंदर काम करतात. पण गाळताना थोडी खोली जातेच. बियाण्याची तीक्ष्णता काढलेली मिरची आणि अख्खी मिरची यांत जेवढा फरक, तेवढा समजा.

दुसरं कारण बाजाराचं आहे आणि त्यानं जास्त गोंधळ होतो. नाव तेच राहतं, आतलं द्रव्य बदलतं. २००५ मध्ये डिओरनं ‘मिस डिओर शेरी’ नावाचं गोड, फळाच्या वासाचं वेगळं परफ्यूम काढलं, आणि २०११ च्या सुमारास त्यालाच नुसतं ‘मिस डिओर’ म्हणायला सुरुवात केली. १९४७ च्या मूळ परफ्यूमला ‘ओरिजिनाल’ अशी शेपटी लागली. आत्याची आठवण म्हणून आज कुणी दुकानात जाऊन ‘मिस डिओर’ मागितलं, तर हातात तिच्याशी नातंच नसलेली बाटली पडते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. वास हा आठवणीचा दरवाजा असतो, आणि त्यावरची पाटी अशी दुसऱ्या घरावर नेऊन लावू नये.

मग जुनं परफ्यूम लावणं धोक्याचं नाही का?

प्रश्न रास्त आहे. ज्यांना परफ्यूम, साबण किंवा दाढीच्या क्रीमनं पूर्वी पुरळ उठलंय, त्यांनी जुनं शीप्र कातडीला लावूच नये. बाकीच्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. ॲलर्जीची पुरळ बऱ्याचदा उशिरा, दुसऱ्या दिवशी उठते. लाल झालं, खाज सुटली की तिथंच थांबायचं आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं.

आपल्या हवामानात मला जास्त काळजी वाटते ती बर्गमॉटची. त्याच्या नैसर्गिक तेलात बर्गॅप्टेन असतं. ते कातडीवर असताना कडक ऊन पडलं तर तिथली कातडी भाजल्यासारखी होते आणि मागं महिनोन्‌महिने काळपट डाग राहतो. जुन्या काळी मानेवर परफ्यूम ओघळेल तसे ओघळाचे डाग पडल्याची वर्णनं त्वचारोगाच्या पुस्तकांत आहेत. हल्ली बर्गॅप्टेन काढलेलं तेल वापरतात, पण जुन्या बाटलीत ते असणार असंच धरून चाला. एप्रिलच्या उन्हात मानेला, हाताला जुनं शीप्र लावून बाहेर पडू नका.

माझा उपाय साधा: कापडावर लावायचं. पण इथंही सांभाळून, ओकमॉसच्या गडद अर्कामुळं फिक्या रेशमावर डाग पडतो. एका लग्नात मी ही चूक केली आणि मोतिया रंगाच्या साडीच्या पदरावर हिरवट गोल कायमचा बसला. तेव्हापासून ओढणीच्या आतल्या बाजूला, किंवा सुती रुमालावर थेंब टाकून तो रुमाल ब्लाउजमध्ये.

पन्नास वर्षांपूर्वीची बाटली नासत नाही?

नासते, पण वरून. लिंबू-बर्गमॉट हे सगळ्यात नाजूक; हवा, ऊन आणि उष्णता यांनी ते आधी बिघडतात. म्हणून जुनी बाटली उघडली की पहिली काही मिनिटं नेलपॉलिश रिमूव्हरसारखा, किंवा खवट तेलासारखा वास येतो. इथंच बहुतेक लोक हार मानतात. दहा मिनिटं थांबा. तळाचं रान बऱ्याचदा शाबूत असतं, उलट वर्षानुवर्षं मुरून आणखी गोल झालेलं असतं. अर्ध्या तासानंतरही खवटपणा गेला नाही, तर मात्र ती बाटली खरंच गेली.

फ्रान्समध्ये व्हर्साय इथं १९९० पासून ‘ऑस्मोतेक’ नावाचं परफ्यूमचं संग्रहालय आहे. तिथं जुने, बंद पडलेले वास बारा अंश तापमानात, अंधारात, बाटलीतल्या हवेऐवजी आरगॉन वायू भरून जपतात. कोटीचं मूळ ‘शीप्र’ तिथं आजही हुंगता येतं. आपल्या घरात आरगॉन नाही, पण अंधार आहे. बाटली खोक्यातच ठेवा आणि खोकं लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात, साड्यांच्या मागं. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, बाथरूममध्ये तर नकोच. आत्यानं ती बाटली गोधडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती, आणि ती चाळीस वर्षं टिकली.

विकत घेताना खोकं नीट पाहा. २००५ पासून युरोपात ॲलर्जी करू शकणाऱ्या सुगंधी घटकांची नावं छापणं बंधनकारक झालं. त्यामुळं मागे घटकांची लांबलचक यादी असेल आणि विकणारा “सत्तरीतली बाटली” म्हणत असेल, तर तो खोटं बोलतोय. मला एकदा एका विक्रेत्यानं जुन्या बाटलीत नवंच काहीतरी भरून पाठवलं होतं. बूच सैल होतं आणि द्रव पाण्यासारखं फिकं. जुन्या शीप्रचा रंग बहुधा मधासारखा, कधी मोहरीच्या तेलासारखा असतो. पहिल्यांदा अख्खी बाटली घेऊच नका. दोन-तीन मिली पुरे.

कोल्हापुरात लावायचं कसं?

मार्च ते मे विसरा. घामात आणि उकाड्यात ओकमॉस जड होतं, गॅल्बनम कडू होतो, रिक्षात शेजारी बसलेल्याचं डोकं दुखतं. या वासाचे आपल्याकडचे खरे महिने जून ते जानेवारी. त्यातही श्रावण. बाहेर सगळं ओलं, भिंतींवर शेवाळ, हवेत पानांचा वास, आणि अंगावरही तेच. युरोपातले लोक हा वास शरद ऋतूतला म्हणून लावतात. मला तो राधानगरीच्या रस्त्यावरचा, पाऊस नुकताच थांबलेला असतानाचा वाटतो.

थेंब एक. फार तर दोन. मनगट मनगटावर घासू नका, काही मिळत नाही त्यातून. लावल्यावर दहा मिनिटं नाक जवळ नेऊ नका. चहा ठेवा, भाजी निवडा. मग एकदा हुंगा आणि जे आठवेल ते कागदावर लिहा. ‘वुडी’, ‘फ्लोरल’ असले दुकानातले शब्द नकोत, आपले शब्द: कोथिंबिरीचा देठ, ओला गोणपाट, वहीचा कागद, देवळातला दगडी गाभारा. एका तासानं पुन्हा लिहा. चार तासांनी पुन्हा. मी गेल्या श्रावणात सकाळी नऊला एक थेंब रुमालाला लावून रंकाळ्यावर गेले, तेव्हा तो नुसता मिरचीचा देठ होता. अकराला महाद्वार रोडच्या गर्दीत फुलं वर आली, साबणासारखी स्वच्छ. दुपारी जेवून पडले तेव्हा आत्याची मांडी होती.

“हा तर म्हाताऱ्या बायकांचा वास!”

हे मी अनेकदा ऐकलंय, घरातही. खरं आहे ते एका अर्थानं: ज्या बायकांनी तरुणपणी हे लावलं, त्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत, आणि त्यांच्या कपाटातून तो आपल्यापर्यंत आला. पण १९४७ मध्ये हे वास तरुण, धीट मुलींसाठी केले होते. युद्धात सगळं गमावून पुन्हा उभ्या राहिलेल्या शहरातल्या मुलींसाठी.

पुरुषांनीही बिनधास्त लावावं. गोडवा कमी, कडवटपणा जास्त, म्हणजे खस किंवा हिना लावणाऱ्या आपल्या आजोबांच्या आवडीच्या जवळचाच हा वास. ‘नंबर नाइन्टीन’ माझा धाकटा भाऊ लावतो आणि त्याच्यावर तो माझ्यापेक्षा छान दिसतो. हो, वासही दिसतो.

“आपली अत्तरं असताना हे परदेशी कशाला?”

आपलं आणि परकं यांची सरमिसळ या वासात आधीच झालेली आहे. पॅचुली हे नाव तमिळमधून गेलं, पच्चै म्हणजे हिरवं आणि इलै म्हणजे पान. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या, तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत पाचेची वाळलेली पानं घालत. तिकडच्या बायकांना शालीइतकाच तो वास आवडला, आणि पॅचुली फ्रेंच परफ्यूममध्ये गेली. यातल्या कित्येक परफ्यूमच्या तळाला वाळा असतो, तोही आपल्याकडचा. तमिळनाडूतल्या मोगऱ्याचा आणि चमेलीचा अर्क आजही फ्रान्सला जातो. आणि कनौजला शमामा अत्तर करतात, त्यात दगडफूल पडतं. म्हणजे लायकेनमध्ये वास मुरवायची विद्या आपल्या अत्तारांनाही होती. जुनं शीप्र परवडत नसेल तर चांगला शमामा आणि वाळ्याचं अत्तर आणा, रुमालाच्या दोन टोकांना एकेक काडी लावा आणि वर लिंबाची साल मोडून शिंपडा. शीप्र होणार नाही, पण नाक तयार होईल.

भाचीनं माझं ऐकून कुपी ठेवली. कागदावर वेळा घालून लिहून पाठवलं: साडेदहाला हिंग आणि ढोबळी मिरची, बाराला साबण आणि पावडर, चारला “आईच्या चटणीचा रिकामा डबा, धुतलेला, पण वास राहिलेला.” आता ती चैत्र पौर्णिमेच्या यात्रेची वाट बघतेय. जोतिबाला वाहायला दवणा आणतील, त्यातली एक काडी मागून घेणार आहे. ती चुरगळून एका हातात आणि कुपीतला थेंब दुसऱ्या हाताच्या रुमालावर धरून बघायचंय तिला. मी म्हटलं, कातडीला लावू नकोस, वाडी रत्नागिरीवर ऊन फार असतं.